क्रॅंकवर कोण होतं

१

ट्रकचं चेंबर गळायला लागलं तेव्हा पहिली बोंब मारली ती मिस्त्रीच्या बायकोने, कारण फरशी तिलाच पुसावी लागायची. ट्रक घराला चिकटूनच असायचा. पत्र्याचं गॅरेज, आणि गॅरेज व स्वयंपाकघर यांच्यात एकच दार. त्यामुळे डिझेलचा वास भांड्यांना लागलेला आणि कांद्याचा वास ट्रकला.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाला बोल्टांनी आवळलेलं पत्र्याचं भांडं. इंजिनातलं सगळं तेल त्यात येऊन बसतं. मधली पॅकिंग कुजली की थेंब थेंब खाली. पॅकिंग बदलायची तर चेंबर उतरवायचं. मिस्त्रीसारख्याला हे अर्ध्या दिवसाचं काम. पण ते तो बावीस वर्षं टाळत आला होता. वरून आवळून बघितलं, साबण लावून बघितला, खाली पत्र्याचा डबा ठेवून बघितला. चेंबर काही उतरवलं नाही.

कारण बावीस वर्षांपूर्वी याच इंजिनाखाली त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती.

तेव्हा जोडीला बारक्या होता. बारक्या म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. काम मन लावून करायचा, तोंडाने गरीब. दोघांचा एक नेम होता आणि तो कधी मोडला नव्हता. खालच्या माणसाने "फिरव" म्हणायचं, वरच्याने आधी "फिरवतो" असं मोठ्याने म्हणायचं आणि मगच क्रॅंक, म्हणजे इंजिनातला मुख्य दांडा, फिरवायचा. खालच्याने "बस" म्हटलं की वरच्यानेही "बस" म्हणून हातातली टॉमीची लोखंडी कांब सोडायची. वरच्याला खालच्याचा हात दिसत नाही, खालच्याला वरच्याचं तोंड दिसत नाही. मधे भरवसा आहे तो फक्त आवाजाचा.

त्या दिवशी कुणी काही म्हटलं नव्हतं. मिस्त्रीचा हात आत होता आणि क्रॅंक फिरला.

बारक्या म्हणाला, "दाजी, आईशपथ, मी हात लावलाच नाही. मी आत पाणी पीत होतो." बायको म्हणाली, "तो माझ्यासमोर पाणी पीत होता." मिस्त्रीने दोघांच्या तोंडाकडे बघितलं. बहीण भावाला पाठीशी घालणार नाही तर कोण घालणार? हाताचं बँडेज सुटायच्या आधीच त्याने बारक्याची पान्यांची पेटी उचलून रस्त्यावर फेकली. पुन्हा या दारात दिसलास तर तंगडी मोडीन म्हणाला. बारक्या पुन्हा दिसला नाही. तीन महिन्यांपूर्वी तो गेल्याचा निरोप आला, तेव्हा बायको एकटीच जाऊन आली. मिस्त्री घरात बसून कार्बोरेटर धूत होता. ट्रकला कार्बोरेटर नसतो. शेजाऱ्याच्या पंपाचा होता. पण धुवायला काहीतरी हवं होतं.

२

सकाळी दहाला त्याने चाकांना पुढून-मागून ओंडके लावले. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक वर, बॅटरीची वायर काढून बाजूला. दोन बोटांत माणूस एवढं तरी शिकतो. पोतं अंथरून तो खाली सरकला, ड्रेन नट काढला आणि तेल डब्यात सोडलं. काळं, जाड तेल. थोडं बाहेर सांडलं आणि उतारावरून पुढच्या बंपरकडे गेलं, कारण गॅरेजची फरशी पहिल्यापासून बाहेरच्या दाराच्या बाजूला उतरती होती.

मग बोल्ट. सव्वीस होते. बोल्टावर बसणारी पान्याची गोटी लावून एकेक सैल करत गेला. शेवटचे चार हाताने सोडवले आणि चेंबर छातीवर घेतलं. दोन बोटं खाली आलं आणि अडकलं.

हे व्हायचंच. क्रॅंकला वजनाचे मोठे लोखंडी गाळे असतात. त्यातला पुढचा गाळा नेमका खाली आलेला असला की चेंबरची कड त्याला अडते. क्रॅंक फिरवून गाळा वर न्यावा लागतो. आणि फिरवायला माणूस लागतो, समोर उभा राहून.

"अगं ए!" मिस्त्री खालूनच ओरडला.

"काय?"

"इकडे ये. टॉमी धरायचीय."

ओल्या हातांनी ती दारात आली. खालून त्याला फक्त तिच्या रबरी चपला आणि भेगाळलेल्या टाचा दिसत होत्या.

"मला काय येतंय त्यातलं?"

"चाळीस वर्षं इंजिनाच्या शेजारी भांडी घासलीस. काही तरी येत असेल."

"भांडी येतात घासायला. तुम्हाला काढू का घासून?"

"तोंड नको चालवू. समोर नटाला गोटी लावून ठेवलीय, तिच्यात टॉमी आहे. मी फिरव म्हटलं की—"

"की आधी फिरवते म्हणायचं, मग फिरवायचं. बस म्हटलं की बस म्हणून सोडायचं. माहितीय मला."

"कुठून माहितीय?"

"बहिरी नाहीये मी," ती म्हणाली आणि पुढे जाऊन बंपरपाशी उभी राहिली.

मिस्त्रीने चेंबर तीन बोटांच्या हातावर तोललं. "फिरव."

"फिरवते."

वर कुरकुर झाली आणि क्रॅंक फिरला. बाई कसलेल्या हाताने फिरवत होती. झटका नाही, घाई नाही. मिस्त्रीला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

"बस."

"बस." टॉमी सुटली. गाळा अर्ध्यावर गेला होता. अजून थोडा हवा होता.

"गॅसवर दूध आहे," ती म्हणाली. "उतू जाईल. आलेच." टॉमी तिने गोटीतून काढली आणि खाली फरशीवर ठेवली. खण्ण वाजलं. मग दारातून मान मागे करून, अगदी नेहमीसारखं म्हणाली, "मी येईपर्यंत हात आत घालू नका."

"आता तू शिकव मला!"

ती गेली.

३

मिस्त्री तसाच पडून राहिला. छातीवर चेंबर, नाकावर थेंब. आतून भांड्यांचा आवाज येत होता. पत्र्यावर ऊन चढलं की पत्रा तडतडतो, तो तडतडत होता. गाळ्याकडे बघत तो स्वतःशीच पुटपुटला, "अजून एक बोटभर हवा."

क्रॅंक एक बोटभर फिरला.

मिस्त्रीने श्वास रोखला. मग हसला. चाळीस वर्षं इंजिनं उघडणाऱ्या माणसाला हे काही नवीन नव्हतं. सिलेंडरमध्ये हवा दाबून राहिलेली असते, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा रेटत असतात. क्रॅंक थोडा सरकतोच.

सरकतो, पण मागे. हा पुढे गेला होता.

त्याने मान तिरकी करून बंपरखालच्या उजेडाच्या पट्टीत बघितलं. टॉमी फरशीवर पडलेली होती, जिथे बायकोने ठेवली तिथेच. चपला नव्हत्या. टाचा नव्हत्या. स्वयंपाकघरात तिच्या बांगड्या वाजल्या.

मिस्त्री देव-बीव मानणारा नव्हता, आणि देव न मानणाऱ्याला भूतही परवडत नाही. त्याने मनाशी सगळं मोजलं. न्यूट्रल आहे. ओंडके आहेत. बॅटरी सुटलेली. टॉमी खाली. मग जे झालं ते हवेने झालं, आणि हवेने झालं असेल तर पुन्हा होणार नाही. हे पडताळून बघायला एकच उपाय होता. घसा खाकरून, आपण मूर्खासारखं वागतोय हे पुरतं माहीत असताना, तो म्हणाला:

"फिरव."

"फिरवतो" असं उत्तर आलं नाही. पण क्रॅंक फिरला.

हळूहळू फिरला. सगळ्यात वाईट काय होतं, तर त्याचं थांबणं. माणूस टॉमीने क्रॅंक फिरवतो तेव्हा सलग फिरवत नाही. हात खालपर्यंत आला की टॉमी काढतो, वर लावतो, दम घेतो, पुन्हा रेटतो. हा क्रॅंक तसाच फिरत होता. रेटा, मग थांबणं, मग रेटा. आणि टॉमी तर त्याच्या डोळ्यांसमोर फरशीवर पडलेली.

"बस!" मिस्त्री म्हणाला.

थांबला नाही.

"बस, बस म्हटलं ना!"

थांबला नाही. गाळा वर गेला, पलीकडून खाली आला, चेंबरच्या कडेला घासला, परत वर गेला. पूर्ण फेरा झाला तेव्हाच उभा राहिला. आपल्या मर्जीने. मिस्त्रीच्या बोलण्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

चेंबरच्या कडेने तेलाचा थेंब लोंबला, मोठा झाला, मिस्त्रीच्या गळ्यावर पडला. तेल गार होतं.

४

बायको आली तेव्हा तो ट्रकखालून बाहेर येऊन चाकाला टेकून बसला होता.

"तू फिरवलास ना?"

"काय?"

"क्रॅंक. आता. मी खाली असताना."

"मी दुधापाशी होते. मी हात लावला नाही."

हेच त्या दिवशी तिच्या भावाने म्हटलं होतं. तसंच, डोळ्याला डोळा देऊन.

"सूड उगवतेस का गं?" तो म्हणाला. "भाऊ मेला म्हणून? चाळीस वर्षांचा संसार आणि माझ्या हातावर उठलीस?"

"तोंड सांभाळा."

"दोघं एकाच मातीचे! त्याने दोन बोटं घेतली, तू हात घे!"

ती चिडली नाही. चिडली असती तर मिस्त्रीला सोपं गेलं असतं. पदराने ती हात पुसत राहिली, बराच वेळ, एकेक बोट सुटं करून. मग म्हणाली, "तुम्हाला मीच फिरवला असं हवंय."

आणि हे खरं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मिस्त्रीला, पण खरं होतं. बायकोने फिरवला असेल तर ती दगाबाज, एवढ्यावर विषय संपत होता. तिने फिरवला नसेल तर त्या दिवशी बारक्यानेही फिरवला नव्हता. मग तो खरंच पाणी पीत होता. मग बावीस वर्षं बंद ठेवलेलं दार, रस्त्यावर फेकलेली पेटी, मातीला न जाणं, सगळं मिस्त्रीच्या एकट्याच्या डोक्यावर येत होतं. बोटं गेल्याचं दुःख त्याने जिरवलं होतं. हे जिरण्यासारखं नव्हतं. त्याला दगा हवा होता. कुणाचाही चालला असता, फक्त माणसाचा हवा होता.

म्हणून त्याने डोकं लढवलं. गाळा वर गेला होता, चेंबर आता उतरायला मोकळं होतं. पण तेल खेचणाऱ्या पंपाची चाळणी चेंबरच्या आत लोंबते आणि ती कडेला अडते. तिचे दोन बोल्ट आत हात घालूनच सोडवावे लागतात. हात तर घालावाच लागणार होता.

"चल, तू पण खाली चल," तो म्हणाला.

"मी?"

"चेंबर धरायला. दोघंही खाली असलो की फिरवायला वर राहिलं कोण? बघू मग कसा फिरतो."

त्याला वाटलं ती नाही म्हणेल, गुडघे दुखतात म्हणेल. ती म्हणाली, "दार लावून घेते," आणि गॅरेजचं दार ओढून आली.

५

ती पोत्यावर आडवी झाली आणि सरकत आत आली. मिस्त्रीने बघितलं, तिने मधल्या आडव्या पट्टीला डोकं लागू दिलं नाही. न बघताच मान डावीकडे कलती केली, पट्टी गेल्यावर सरळ केली. ती पट्टी नवख्याला हमखास लागते. शिकाऊ मुलांच्या कपाळावरून मिस्त्री सांगायचा, कोण किती दिवस ट्रकखाली गेलाय.

त्याने विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दोघं शेजारी शेजारी पडले, खांद्याला खांदा लावून. इतकं जवळ ते कित्येक वर्षांत पडले नव्हते. तिच्या अंगाला दुधाचा वास येत होता. तिने दोन्ही तळव्यांवर चेंबर तोलून धरलं.

"दोन्ही हात वरच ठेव," तो म्हणाला. "मला दिसले पाहिजेत."

"बघा ना. पोटभर बघा."

बंपरखालची पट्टी रिकामी होती. टॉमी तिथेच. मिस्त्रीने उजवा हात, धडका हात, फटीतून आत घातला. मनगट गेलं, कोपर कडेला टेकलं. आत तेलकट, गार. बोटांना चाळणी लागली, पहिला बोल्ट लागला. पाना बसला. एक आटा, दोन आटे. बोल्ट सुटून चेंबरमध्ये पडला, टण् वाजला. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. दोघं खाली आहोत आणि काही फिरत नाही. म्हणजे तीच होती. लबाड बाई. त्याला आनंदाने रडूच आलं असतं.

त्याने दुसऱ्या बोल्टाकडे हात सरकवला आणि क्रॅंक फिरला.

गाळा आला तो सावकाश आला. मनगटावर टेकला, मग दाबू लागला, मागच्या लोखंडाशी. मिस्त्रीने हात ओढला, निघेना. "बस!" तो किंचाळला. "बस! बस! आई गं, बस!" रेटा थांबला, दम घेतला, पुन्हा आला. कातडी ताणली. आत कुठेतरी हाड करकरलं.

"बस रे," बायको म्हणाली.

तिने आवाज चढवला नव्हता. दारातल्या मांजराला बोलावं तसं म्हणाली.

क्रॅंक थांबला.

६

पत्रा तडतडत होता. मिस्त्रीने मान वळवून तिच्याकडे बघितलं. तिचे हात चेंबरवर होते, दोन्ही. ती घाबरलेली नव्हती. तिला आश्चर्यही वाटलेलं नव्हतं. ते बघून मिस्त्रीचं मनगट दुखायचं क्षणभर थांबलं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"तुम्ही परगावी कामाला जायचात. आठ आठ दिवस. मागे हेच इंजिन खोलून ठेवलेलं असायचं. मी बोलायचे, कुणी तरी ऐकायचं. तुमच्यापेक्षा बरं ऐकायचं."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशीही मी बस म्हटलं होतं. उशिरा म्हटलं."

"उशिरा का?"

"सकाळपासून तुम्ही बारक्याला गाढव म्हणत होता. माझ्या भावाला, माझ्या घरात. तो पाणी प्यायला आला, तर पेला दातांवर वाजत होता त्याचा. मी त्याच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात इकडे सुरू झालं. आवाज आला मला. पेला संपू दे म्हटलं, मग सांगते."

"आणि खापर त्याच्यावर फुटू दिलंस?"

"मी खरंच सांगितलं होतं. माझ्यासमोर होता म्हणून. नवरा तेवढं मानेना, त्याला पुढचं काय सांगायचं?"

मिस्त्रीच्या बोटांना मुंग्या येत होत्या. नखं काळी पडत असणार. "हात सोडव," तो म्हणाला. "मागे घे म्हण त्याला. मग काय ते बोलू."

"आधी म्हणा."

"काय म्हणू?"

"बारक्या कुठे होता ते."

बावीस वर्षं ज्या वाक्याला त्याने उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं, ते वाक्य.

"आत होता."

"काय करत होता?"

"पाणी पीत होता."

"कुणासमोर?"

"तुझ्यासमोर. तो पाणी पीत होता, तुझ्यासमोर. त्याने हात लावला नाही. झालं?"

"मोठ्याने म्हणा. पुढपर्यंत ऐकू जाऊ दे."

पुढपर्यंत. मिस्त्रीने बंपरकडे बघितलं. मघाशी सांडलेलं तेल उतारावरून वाहत जाऊन तिथे साचलं होतं, आणि पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन त्यावर चकाकत होतं. त्या चकाकीत दोन जागा कोरड्या होत्या. वीतभर लांब, शेजारी शेजारी, टोकं ट्रककडे. तेल त्यांच्या कडेने वळून जात होतं. तो बघत असतानाच डावी जागा जराशी रुंद झाली आणि उजवी आखडली. उभ्या माणसाने एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घ्यावा, तशी.

मिस्त्री ओरडला. सगळं वाक्य, पहिल्यापासून, बारक्याच्या पाळण्यातल्या नावासकट. गॅरेजभर घुमलं ते. शेवटी आवाज चिरकला आणि तो लहान पोरासारखा हुंदके देत पडून राहिला.

"म्हटलं," तो म्हणाला. "आता सांग त्याला. सांग ना गं."

बायकोने मान पुढच्या बाजूला वळवली होती आणि भुवया थोड्या वर केल्या होत्या, कुणी हळू बोलत असलं की ती करायची तशा. ऐकत होती. मिस्त्रीही कान देऊन ऐकू लागला, पण त्याला पत्रा सोडून काही ऐकू आलं नाही.

मग तिने दोनदा मान डोलावली.

"हो," ती पुढे बघत म्हणाली. "मलाही नाही वाटत यांनी मनापासून म्हटलं."